परदेशवास आणि मागे राहिलेले घर
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणिसांनी या व्यासपीठावरून बोलण्याची मला विनंती केली, तेव्हा मी प्रथम नम्रपणे नकार दिला होता. मी वक्ता नव्हे. आयुष्याची बहुतेक वर्षे पाण्याचे पंप आणि नळ यांच्या संगतीत गेली, आणि त्यांच्याशी बोलावयास भाषेची फारशी गरज पडत नाही. परंतु त्यांनी सुचविलेला विषय ऐकला आणि माझा नकार टिकला नाही. परदेशी नोकरीस जाणाऱ्या माणसाने मागे राहणाऱ्या घराचे काय करावे, हा तो विषय. या प्रश्नाचे उत्तर मी एकदा चुकीचे दिले आहे. त्याची किंमत माझ्या कुटुंबाने मोजली, आणि दुसऱ्या एका कुटुंबानेही मोजली. ती हकिगत सांगितल्यावाचून कायद्याच्या चार गोष्टी सांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

आज या सभागृहात असे घर क्वचितच असेल, की ज्यातील मुलगा, सून, जावई अथवा पुतणी मस्कत, दुबई, सिंगापूर किंवा न्यू जर्सी येथे नोकरीस नाही. त्यांच्यामागे डोंबिवलीस, बोरिवलीस किंवा पुण्यात कोथरूडला एखादा ब्लॉक उभा असतो. कर्ज काढून, दागिने मोडून घेतलेला. त्याच्या दाराला कुलूप असते आणि किल्ली आईच्या कपाटात असते. 2011 च्या जनगणनेत एकट्या मुंबईत सुमारे 4 लाख 80 हजार घरे रिकामी आढळली होती. ज्या शहरात माणसे दहा फुटांच्या खोलीत पाच-पाचजण राहतात, त्याच शहरातील ही गोष्ट आहे.

घर बंद ठेवले म्हणजे ते सुरक्षित राहिले, अशी आपली समजूत असते. माझ्या धंद्याच्या अनुभवावरून सांगतो, ती समजूत खोटी आहे. न्हाणीघराच्या जाळीखाली वाकड्या नळीत थोडे पाणी नेहमी साचून राहते, आणि तेच गटारातील घाण हवा व झुरळे अडवून धरते. घर बंद झाले की महिन्या-दोन महिन्यांत ते पाणी आटते, आणि गटार सरळ घरात उघडते. वापर नसलेल्या नळाचे वायसर सुकून चिरतात. पावसाळ्यात खिडक्या बंद असल्याने भिंती ओल धरतात, लाकडी कपाटांना वाळवी लागते, गाद्यांना कुबट वास येतो. वरच्या मजल्यावरील गळती वेळेवर कोणास कळत नाही. चार वर्षांनी दार उघडणाऱ्यास जे दिसते, ते पाहून घरातील स्त्रीच्या डोळ्यांत पाणी येते.

मग आपण घर भाड्याने का देत नाही? भीतीमुळे. ही भीती निराधार नव्हती, म्हणून तिचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धानंतर मुंबईत घरांची भयंकर टंचाई झाली. त्या परिस्थितीत 1947 चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. त्याने पुष्कळशा जुन्या घरांची भाडी 1940 सालच्या सप्टेंबरातील पातळीवर बांधून टाकली आणि भाडेकरूस घरातून काढणे अतिशय कठीण केले. हा कायदा दुष्ट हेतूने केलेला नव्हता. माझे आजोबा आणि वडील गिरगावातील चाळीत भाडेकरू होते. आमच्यासारख्या कारकुनी पेशाच्या शेकडो कुटुंबांना मुंबईत पाय रोवता आले ते याच कायद्याच्या आधारावर, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. पुढे मालकांनी त्यातून वाट काढली आणि भाडेकरार न करता 'लिव्ह अँड लायसन्स'चा, म्हणजे केवळ वापराच्या परवान्याचा, करार करू लागले. तेव्हा 1973 साली कायद्यात दुरुस्ती झाली. त्या वर्षी 1 फेब्रुवारीस जे परवानाधारक प्रत्यक्ष राहत होते, ते संरक्षित भाडेकरू ठरले. ज्यांनी दोन वर्षांसाठी म्हणून खोली दिली होती, त्यांची खोली कायमची गेली. तो धसका मध्यमवर्गाच्या मनात खोल बसला. "परक्यास घर दिलेस, तर ते गेले असे समज," हे माझ्या वडिलांचे शब्द अजून माझ्या कानांत आहेत. जे स्वतः जन्मभर भाडेकरू म्हणून राहिले, त्यांचेच हे शब्द होते.

आता माझी हकिगत. 1992 च्या ऑगस्टमध्ये मी मस्कतला नोकरीस गेलो. पत्नी आणि लहान मुलगी बरोबर होती. डोंबिवलीचा आमचा दोन खोल्यांचा ब्लॉक रिकामा राहणार होता. परक्यास द्यावयाचा नाही हे ठरलेलेच होते. माझ्या आत्येभावास, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, त्या वेळी जागेची मोठी अडचण होती. त्यांची चाळ पाडावयाची होती. घरात वहिनी, दोन मुलगे आणि आमची म्हातारी आत्या. दादा विचारावयास आले तेव्हा मी त्यांना बोलूसुद्धा दिले नाही. म्हटले, "दादा, घर तुमचेच आहे. हवे तितके दिवस राहा." भाडे किती, मुदत किती, संस्थेचे बिल कोणी भरावयाचे, यांतील एक अक्षरही उच्चारले गेले नाही. घरच्या माणसाशी व्यवहार बोलणे मला हलकेपणाचे वाटले. देव्हाऱ्यातील देवही मी तसेच ठेवून गेलो.

1996 च्या मे महिन्यात माझ्या कंपनीचे तेथील काम संपले आणि आम्ही परत आलो. दीड महिना आधी मी पत्राने कळविले होते. दादांनी उत्तर पाठविले, की मुलाचे दहावीचे वर्ष आहे, आणि दुसरी जागा पाहत आहे. आम्ही ठाण्यास माझ्या मेव्हण्यांच्या घरी उतरलो. पंधरा दिवसांसाठी उतरलो आणि चौदा महिने राहिलो. मुलगी रोज लोकलच्या गर्दीतून डोंबिवलीच्या शाळेत जाई. स्वतःच्या घराच्या खिडकीखालून जाई आणि वर पाही. मी दोन वेळा दादांकडे गेलो, आणि दुसऱ्या वेळी जे बोलणे झाले ते येथे सांगण्यासारखे नाही. त्याच वर्षी दिवाळीनंतर आत्या गेली. तिने मला कडेवर खेळविले होते. तिच्या दहाव्यास मी घाटावर एका टोकाला उभा राहिलो, दादा दुसऱ्या टोकाला, आणि आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

1997 च्या जुलैमध्ये दादांनी घर सोडले. कोर्टकचेरी झाली नाही; किल्ली एका शेजाऱ्याच्या हाती आली. आम्ही दार उघडले तेव्हा घर झाडून पुसून ठेवलेले होते. देव्हाऱ्यातील देव घासून लखलखीत केलेले होते, आणि नव्या वस्त्रावर मांडलेले होते. तेव्हा माझ्या पत्नीच्या ध्यानात आले, की जवळजवळ पाच वर्षे वहिनींनी आमच्या देवांची पूजा एक दिवसही चुकविली नव्हती. आणि आम्ही त्याबद्दल एकदाही विचारले नव्हते.

पुढे हळूहळू इतर गोष्टी कळल्या. 1994 च्या पावसाळ्यात वरून गळती लागली होती. दादांनी पदरचे अठरा हजार रुपये घालून स्लॅबची दुरुस्ती करविली आणि मला परदेशी त्रास नको म्हणून कळविले नाही. त्याहून मोठी गोष्ट ही, की 1993 साली त्यांना कल्याणला एक खोली मिळत होती. ती त्यांनी सोडली, कारण मी म्हटले होते, "घर तुमचेच आहे." मी ते शिष्टाचार म्हणून बोललो होतो, त्यांनी ते वचन म्हणून ऐकले. मी मस्कतला बसून समजत होतो की माझे भाडे बुडते आहे, आणि ते डोंबिवलीस समजत होते की आपण भावाचे घर सांभाळतो आहोत. दोघांपैकी कोणीही खोटे नव्हते. कागद नव्हता, एवढेच खरे होते.

परक्याच्या भीतीने मी घर आप्तास दिले, आणि आप्त म्हणून कागद केला नाही. घर परत मिळाले, भाऊ गमावला. आज मला सांगावयाचे आहे ते एवढेच. घर कोणासही द्या, परक्यास द्या, सख्ख्या भावास द्या, परंतु कागद करून द्या. आप्तास देताना तर कागदाची गरज अधिक. कारण परक्याशी भांडण झाले तर पैसे जातात, आप्ताशी झाले तर माणूस जातो.

आणि आता कागद न करण्यास कायद्याची सबबही उरलेली नाही. 1997 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्यातील गोठविलेल्या भाड्याच्या तरतुदी आता समर्थनीय राहिल्या नाहीत, असा निर्णय दिला. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 हा 31 मार्च 2000 पासून अमलात आला. त्यातील दोन कलमे परदेशी जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने जाणून घ्यावी.

पहिले कलम 24. राहण्यासाठी परवान्याने दिलेल्या घराची मुदत संपली, की मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागू शकतो. लेखी करारात जे लिहिले असेल, तो त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा मानला जातो. मुदतीनंतरही जो घर सोडत नाही, त्याच्याकडून ठरलेल्या दराच्या दुप्पट नुकसानभरपाई घेता येते. माझ्या वडिलांना जो धसका होता, त्यास हे उत्तर आहे.

दुसरे कलम 55. करार लेखी असला पाहिजे आणि तो नोंदविलेला असला पाहिजे. नोंदविण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद उपस्थित झाला, तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. शिवाय कसूर करणाऱ्या मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. आपल्याकडे अजून अशी समजूत आहे, की अकरा महिन्यांचा करार साध्या मुद्रांकावर केला की पुरे. एक वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्यास नोंदणी सक्तीची नाही, या केंद्रीय नोंदणी कायद्यातील तरतुदीवरून ती रूढी पडली. महाराष्ट्रात मात्र 2000 सालापासून अकरा महिन्यांचा करारही नोंदवावा लागतो.

खर्चाचे म्हणाल, तर एक उदाहरण देतो. दरमहा तीस हजार भाडे, एक लाख अनामत आणि तेहतीस महिन्यांची मुदत असेल, तर सर्व भाड्याची बेरीज आणि अनामतीवर दरसाल दहा टक्के धरलेले व्याज यांवर पाव टक्का मुद्रांक शुल्क लागते. ते अडीच हजारांच्या आसपास येते. शहरात नोंदणीची फी एक हजार. नोंदणी आता संगणकावरून घरबसल्याही होते. दादांनी गळतीवर जो खर्च केला, त्याच्या चौथ्या हिश्श्यात हा सर्व कारभार आटोपतो.

मालक परदेशी असेल तर सही कोणी करावयाची? विश्वासातील एका माणसास कुलमुखत्यारपत्र द्यावे. ते येथून निघण्यापूर्वीच केलेले सर्वांत उत्तम. परदेशात करावे लागले, तर तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावे, आणि भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा. त्यात भाड्याने देणे, भाडे घेणे, ताबा घेणे, दुरुस्ती करविणे एवढेच अधिकार लिहावे. घर विकण्याचा अधिकार अनवधानाने देऊ नये. आणखी एक विनंती. वयोवृद्ध आईवडिलांच्या गळ्यात हे काम घालू नका. सत्तर वर्षांचे वडील छत्री घेऊन गळका नळ पाहावयास तीन जिने चढतात, आणि मुलगा अमेरिकेतून फोनवर विचारतो की भाडे आले का, हे दृश्य मी पाहिले आहे. मुखत्यार चालता-फिरता असावा, आणि त्याच्या श्रमाचा मोबदला ठरलेला असावा.

सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सभासदांनी करारापूर्वी आठ दिवस संस्थेस लेखी कळवावे आणि नंतर कराराची प्रत द्यावी. संस्था बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते. परंतु 2001 सालच्या सरकारी आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. पोलीस ठाण्यासही भाडेकरूची माहिती द्यावी.

पैशाच्या बाबतीत आपली मंडळी सर्वांत अधिक चुकतात. परदेशी स्थायिक झालेल्या माणसाचे येथील साधे बचत खाते बँकेत सांगून अनिवासी सामान्य खात्यात, ज्यास एन.आर.ओ. म्हणतात, बदलून घ्यावे लागते. भाडे त्या खात्यात जमा व्हावे. प्राप्तिकर भरल्यावर ते बाहेर नेण्यास आडकाठी नाही. मालक अनिवासी असेल, तर भाडेकरूनेच भाड्यातून कर कापून सरकारात भरावयाचा असतो. तो सध्या तीस टक्के अधिक उपकर असा कापला जातो. बिचाऱ्या भाडेकरूस हे ठाऊक नसते आणि मालक सांगत नाही. पुढे नोटीस येते ती भाडेकरूस. म्हणून आपण अनिवासी आहोत, हे करारातच स्पष्ट लिहावे. कापलेला कर म्हणजे बुडालेला पैसा नव्हे. भरलेला नगरपालिकेचा कर वजा जाता उरलेल्या भाड्यातून सरसकट तीस टक्के वजावट मिळते, आणि विवरणपत्र भरले की जादा कापलेला कर परत येतो. कमी दराने कपात व्हावी असा दाखलाही प्राप्तिकर खात्याकडून अगोदर मागता येतो. जे अमेरिकेत स्थायिक आहेत, त्यांनी तेथील विवरणपत्रातही हे भाडे दाखविले पाहिजे.

आता कराराबाहेरच्या, परंतु संसारात महत्त्वाच्या गोष्टी. घरातील प्रत्येक वस्तूची यादी करावी, फोटो काढावे आणि यादीवर दोघांच्या सह्या असाव्या. अनामत खर्च करू नये. बँकेत वेगळी ठेवावी, म्हणजे किल्ली परत मिळेल त्याच दिवशी ती देता येते. दुरुस्ती कोणती कोणी करावयाची आणि किती रकमेपर्यंत न विचारता करावयाची, हे लिहून ठेवावे. एक खोली आपल्या सामानासाठी कुलूपबंद ठेवण्याची आपल्याकडे फार हौस असते. ती खोली ओल धरते, आणि भाडेकरूस जन्मभर वाटत राहते की आपण दुसऱ्याच्या घरात आहोत. त्यापेक्षा सामान दोन ट्रंकांत बसेल इतके कमी करावे. देव भावाकडे अथवा बहिणीकडे विधिपूर्वक सोपवावे, आणि वर्षाच्या कुलाचाराचा खर्च आठवणीने पाठवावा. त्याबद्दल चौकशीही करावी. हे शेवटचे वाक्य मी स्वतःस उद्देशून बोलतो आहे.

एक नाजूक प्रश्न उरतो. भाडेकरू आपल्याच ज्ञातीचा असावा काय? आपल्या पूर्वजांनी ज्ञातीसाठी घरे बांधली, हे खरे. गावदेवीची सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था 1915 साली श्रीपाद सुब्बराव तालमकी यांच्या पुढाकाराने उभी राहिली, आणि या देशातील सहकारी गृहनिर्माणाच्या आरंभीच्या संस्थांत तिची गणना होते. गावाहून आलेल्या, कोणी दारात उभे न करणाऱ्या तरुणास आसरा मिळावा, हा अशा संस्थांचा हेतू होता. आज मस्कतला आपल्या मुलास घर देणारा ओमानी मालक त्याची ज्ञाती विचारीत नाही; पगाराचा दाखला विचारतो. मग डोंबिवलीत आपण दाराशी आलेल्या माणसास आडनावावरून परत पाठवावे, हे मला शोभादायक वाटत नाही. 2003 साली मी पुन्हा परदेशी गेलो, तेव्हा दोहास जाण्यापूर्वी घर एका विदर्भातील बँक कर्मचाऱ्यास दिले. ते ना आपल्या ज्ञातीचे, ना ओळखीचे. करार नोंदविलेला होता. तेहतीस महिन्यांत एकदाही भाडे चुकले नाही, आणि मुदतीच्या दिवशी किल्ली मुखत्याराच्या हाती आली. जाताना त्यांनी आमच्या गॅलरीतील तुळशीला पाणी घातले आणि शेजारणीस तशी आठवण देऊन ते गेले. भाडेकरूची पारख त्याची नोकरी, त्याचे मागचे घर आणि त्याची सही यांवरून करावी.

मंडळास माझी एक सूचना आहे. भाडेकरू शोधून देण्याचे काम मंडळाने करू नये; त्यातून तंटेच उत्पन्न होतील. परंतु आपल्यात वकील आहेत, हिशेबनीस आहेत. त्यांनी कराराचा एक नमुना, सामानाच्या यादीचा एक नमुना आणि मुखत्यारपत्राचा एक नमुना तयार करून कार्यालयात ठेवावा. परदेशी निघालेल्या तरुणास आपण नारळ आणि शाल देतो, त्याच वेळी हे तीन कागदही द्यावे.

शेवटी, दादांविषयी. दहा-अकरा वर्षे आमचे बोलणे लग्नकार्यापुरतेच उरले होते. 2008 साली त्यांच्या धाकट्या मुलास बहारीनला नोकरी लागली. त्याने कल्याणला ब्लॉक घेतला होता. एका रात्री दादांचा फोन आला. इकडचे तिकडचे काही न बोलता ते म्हणाले, "तू त्या बँकवाल्याशी कागद केला होतास ना, त्याची प्रत पाठवून दे. पोराचे घर त्याच्या मेव्हण्याला द्यायचे आहे."

मी प्रत पाठविली. सोबत एक चिठ्ठी आणि अठरा हजार रुपयांचा चेक पाठविला. चिठ्ठीत लिहिले, की हे गळतीचे आहेत, पूजेचे देणे माझ्याच्याने फिटणार नाही. चेक त्यांनी वटविला नाही. पण त्या वर्षी आत्याच्या श्राद्धास त्यांनी मला बोलाविले, आणि आम्ही एका पंक्तीला बसलो.